ज्या मुलाचं नाव कुणाच्याच तोंडी नसतं : शाळा चालवणाऱ्यांना खुलं पत्र

सर्व मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आधी तुम्ही सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावता. कोणता वर्ग कुणाकडे, तास किती, परीक्षा कधी, कार्यक्रम कोणते, निकाल कसा वाढवायचा, हे सगळं तिथे ठरतं. त्या बैठकीतले दोन तास एका कामासाठी राखून ठेवा, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. मी स्वतः शिक्षिका आहे. वेळापत्रकातून दोन तास मोकळे करायला किती ओढाताण होते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे विनंतीमागचं कारणही सविस्तर सांगते.

काम साधं आहे. पटावरच्या प्रत्येक मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहायचं आणि ते कागद वर्गवार सभागृहाच्या भिंतीवर लावायचे. मग शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी रंगीत टिकल्यांचं पाकीट घेऊन त्या भिंतीसमोरून फिरायचं. सगळ्या म्हणजे खरोखरच सगळ्या. विषयशिक्षक आलेच, पण ग्रंथपाल, क्रीडाशिक्षक, कार्यालयातले लिपिक, शिपाई, सफाई करणारे कर्मचारी, बसमध्ये मुलांसोबत असणारे मदतनीस, हेही हवेत. ज्या मुलाशी आपलं अभ्यासापलीकडचं बोलणं आहे, त्याला काय आवडतं, कशाची धास्ती वाटते, घरी काय चाललं आहे यातलं काहीतरी आपल्याला माहीत आहे आणि अडचण आली तर ते आपल्याकडे येईल अशी खात्री आहे, त्याच्या नावापुढे एक टिकली लावायची. नुसता चेहरा ओळखीचा असेल तर टिकली नाही. गुण माहीत आहेत म्हणूनही नाही. हे सगळं न बोलता करायचं. सगळ्यांचं झालं की चार पावलं मागे सरून भिंतीकडे बघायचं.

हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातला एक गट शाळांना हा उपक्रम बरीच वर्षं सुचवत आला आहे. अनेक शाळांनी तो केलाही आहे, त्यामुळे ही कल्पना माझी नाही. तिच्यातून जे दिसतं ते मात्र आपल्यापैकी कुणालाही आधीच ओळखता येईल. काही नावांपुढे टिकल्या मावत नाहीत. पहिले येणारे, भाषणं करणारे, खेळात चमकणारे, शिक्षकांची मुलं, आणि हो, वर्ग डोक्यावर घेणारेही. गोंधळ घालणाऱ्या मुलाला सगळी शाळा ओळखते. त्याची काळजी करणारं कुणी ना कुणी असतंच, निदान त्याच्यावर वैतागणारं तरी असतं. मधे मधे मात्र कोरी नावं दिसतात. वह्या पूर्ण, हजेरी ठीक, गुण मध्यम, तक्रार शून्य. ही मुलं वर्गात हात वर करत नाहीत, मागच्या बाकावर बसून दंगा करत नाहीत, शिक्षकखोलीच्या दारात घुटमळत नाहीत. वर्षाच्या शेवटी त्यांच्या प्रगतिपत्रकावर काय शेरा लिहायचा असा प्रश्न पडला की आपण ‘शांत व समाधानकारक’ असं लिहून पुढच्या पत्रकाकडे वळतो.

ते मूल समाधानात आहे की नाही, हे त्या शाळेत कुणालाच माहीत नसतं.

कोऱ्या नावांचं पुढे काय करायचं? बैठक संपण्यापूर्वी प्रत्येक कोरं नाव एकेका मोठ्या माणसानं आपल्याकडे घ्यायचं. मुलाला त्यातलं काहीही सांगायचं नाही. ‘तुझ्यासाठी मला नेमलं आहे’ असं ऐकलं की कोणतंही शहाणं मूल अंग चोरून घेईल. आठवड्यातून दोन-तीनदा, जाता येता, दोन वाक्यं बोलायची. कालच्या सामन्याबद्दल, हातातल्या पुस्तकाबद्दल, वहीच्या मागच्या पानावरच्या चित्राबद्दल. सुरुवातीला उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येईल. पुष्कळ दिवस तेवढंच येईल. तरी थांबायचं नाही. सहामाहीनंतर पुन्हा एकदा टिकल्या लावून पाहायच्या.

एवढ्यानं काय होणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मायकेल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सातवी ते बारावीतल्या १२,११८ मुलामुलींची माहिती त्यांनी तपासली होती. मानसिक त्रास, आत्महत्येचे विचार, हिंसा, दारू, तंबाखू, अमली पदार्थ अशा जोखमींपासून मुलांना कशाचं संरक्षण मिळतं, हा त्यांचा प्रश्न होता. घराशी घट्ट नातं आणि शाळेशी जोडलं गेल्याची भावना या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक जोखमीच्या बाबतीत संरक्षक ठरल्या. अपवाद फक्त अल्पवयीन गर्भधारणेचा होता. घर आपल्या हातात नाही. शाळा आहे.

ही भावना मोजताही येते. कॅरॉल गुडनाऊ यांनी १९९३ साली त्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली तयार केली. इथल्या लोकांनी मला स्वीकारलं आहे का, माझा मान राखला जातो का, मला सामावून घेतलं जातं का, मला आधार मिळतो का, या चार धाग्यांवर ती उभी आहे. मी एखाद्या गोष्टीत चांगला असलो तर ते इथे कुणाच्या लक्षात येतं का, अडचण सांगावी असं एक तरी मोठं माणूस या शाळेत आहे का, अशा आशयाची ती विधानं आहेत. त्यानंतरच्या २५ वर्षांत या विषयावर बरंच काम झालं. केली-ॲन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ५१ अभ्यास आणि ६७ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा मुलांच्या या भावनेशी सर्वांत घट्ट जोडलेल्या गोष्टींमध्ये शिक्षकांचा आधार अगदी वर निघाला. इमारत, साधनं आणि सजावट यांच्या कितीतरी आधी शिक्षक येतात.

दुसरीकडे जगभर एकटेपणा वाढतो आहे. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी होते. तिच्यात गणित आणि वाचनाबरोबर शाळेत एकटं वाटतं का, परकं वाटतं का, मैत्री सहज होते का, हेही विचारतात. त्या उत्तरांवरून जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की २०१२ ते २०१८ या काळात ३७ पैकी ३६ देशांमध्ये शाळेतला एकटेपणा वाढला. महासाथीमुळे शाळा बंद पडल्या त्या यानंतर. त्यामुळे सगळा दोष त्या बंदीच्या काळावर टाकता येत नाही.

आता वर्गात येते, कारण शाळा आपली आहे की नाही याचा निर्णय मूल वर्गात, अगदी बारीकसारीक प्रसंगांतून घेत असतं.

‘चला, आपापल्या जोड्या करा.’ हे वाक्य आपण शिक्षक सहज बोलून जातो. पुढचं अर्धं मिनिट एकदा नीट बघा. बहुतेक मुलं शब्द संपायच्या आत एकमेकांकडे वळलेली असतात, कुणी बाकावरून उडी मारून मित्राजवळ पोचलेलं असतं. त्याच वेळी एक मुलगी दप्तराची चेन उघडते. आत काही शोधायचं नसतं. ती कंपासपेटी बाहेर काढते, परत ठेवते, वही काढते, तिचं पान सरळ करते. मान खाली. वर पाहिलं तर कुणी आपल्याकडे येत नाही हे दिसेल, आणि आपण ते पाहिलं हे इतरांना दिसेल, म्हणून ती वर पाहत नाही. मग शिक्षकांचा आवाज येतो, ‘कोण राहिलंय? हिला कुणीतरी घ्या रे.’ कुठलातरी तीन जणांचा गट जरा सरकून जागा करतो. पुढचा सगळा तास तिला त्या जागेवर बसायचं असतं.

हा प्रसंग टाळायला पैसा लागत नाही. गट शिक्षकांनी आधी ठरवून फळ्यावर लिहायचे, दर पंधरवड्याला बदलायचे आणि कुणाला कुणाबरोबर ठेवलं याचा विचार वर्गाबाहेर, शांतपणे करायचा. त्याच्याही पुढे जाता येतं. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि वर्गावर्गांत वैर पेटलं. तेव्हा इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी धड्याचेच तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. त्यानं तो शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. तो तुकडा दुसऱ्या कुणाकडेच नसल्यामुळे अडखळत बोलणाऱ्या मुलाचंही ऐकून घेणं सगळ्यांना भाग पडलं. त्याला हसून कुणाचा फायदा नव्हता. मला या पद्धतीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. ‘सगळ्यांशी प्रेमानं वागा’ असा उपदेश तिच्यात कुठेही नाही. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्याशिवाय काम अडेल, एवढीच व्यवस्था तिच्यात आहे.

दुसरा प्रसंग हजेरीचा. मूल चार दिवसांनी शाळेत येतं. ‘उजाडलं का एकदाचं?’ किंवा ‘चिठ्ठी कुठे आहे?’ ही पहिली दोन वाक्यं त्याच्या वाट्याला येतात. चिठ्ठी लागते, मान्य. पण ती दहा मिनिटांनी मागितली तर काही बिघडत नाही. ‘बरं वाटतंय का आता? काल विज्ञानाच्या प्रयोगाला तुझी आठवण निघाली,’ असं कुणी आधी म्हटलं तर आपण नव्हतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, हे त्या मुलाला कळतं. आपण नसलो तरी काही फरक पडत नाही असं ज्याला वाटायला लागतं, ते मूल हळूहळू जास्त दिवस गैरहजर राहतं, आणि आपण ते हजेरीपटावरच्या टक्केवारीत शोधत बसतो. दाराशी उभं राहून प्रत्येकाला नावानं हाक मारून आत घेण्याचा प्रयोग क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी दहा वर्गांत करून पाहिला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचं अभ्यासात गुंतून राहणं २० टक्के अंकांनी वाढलं आणि वर्गातला व्यत्यय ९ टक्के अंकांनी घटला. नाव मात्र नीट उच्चारायला हवं. महिनोन्महिने चुकीच्या उच्चारानं हाक मारली जाणारी मुलं आपल्या वर्गात असतात. दोनदा दुरुस्त करून ती गप्प होतात.

तिसरी गोष्ट शिक्षकखोलीतली, आणि ती लिहायला मला जड जातं. वर्ष संपताना एक शिक्षक दुसऱ्याला सांगतात, ‘तो तुमच्याकडे येतोय यंदा, जपून हं!’ त्या एका वाक्यानं मुलाच्या आधी त्याची कीर्ती नव्या वर्गात पोचते. पहिल्याच दिवशी मागून आवाज आला की नजर त्याच्याकडे जाते. मुलांना ही नजर बरोबर कळते. जेसन ओकोनोफुआ, डेव्हिड पॉनेस्कू आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांमधल्या गणिताच्या ३१ शिक्षकांबरोबर एक प्रयोग केला. चुकलेल्या मुलाची बाजू समजून घेणं आणि त्याच्याशी असलेलं नातं टिकवणं हा शिस्तीचाच भाग आहे, याबद्दल त्या शिक्षकांनी थोडं वाचलं आणि स्वतःचा अनुभव लिहिला. बाकी काही बदललं नाही. त्यांच्या वर्गांतल्या मुलांचं वर्षभरात निलंबित होण्याचं प्रमाण ९.६ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २०१६ सालचा. मुख्याध्यापकांच्या हातात इथे बरंच आहे. एखाद्या मुलाबद्दल पुढच्या शिक्षकाला काय सांगायचं आणि काय नाही, याचा नियम तुम्ही करू शकता. त्याच्या गरजा सांगा, काय केल्यानं तो शांत होतो ते सांगा, कशात त्याचं मन रमतं ते सांगा. शिक्के सांगू नका. मुलानं विश्वासानं एका शिक्षकाला सांगितलेली घरची गोष्ट दुपारी सगळ्या शिक्षकखोलीत फिरत असेल, तर तेही तुम्हीच थांबवायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेतलं २८वं कलम सांगतं, की शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे. सगळ्यांसमोर पाणउतारा करणं त्यात बसत नाही, मग तो कितीही ‘त्याच्या भल्यासाठी’ असो.

वर्गाबाहेरही बघा. शाळेचा साधा नकाशा छापून मुलांना द्या, नावं लिहायला लावू नका, आणि निर्धास्त वाटतं त्या जागा हिरव्या, भीती वाटते त्या लाल रंगवायला सांगा. जिन्याखालचा कोपरा, स्वच्छतागृह, मैदानाची मागची बाजू, बस थांबते ती जागा, यांपैकी काही लाल होणारच. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलं असतात. हे पालकांनाही ठाऊक नसतं, कारण मूल घरी आल्यावर फक्त ‘तहान लागली’ एवढंच म्हणतं. न्यूयॉर्क शहरातल्या ३० शाळांमध्ये असे नकाशे काढून धोक्याच्या जागी मोठ्या माणसांचा वावर वाढवला गेला. मुलांमधला लैंगिक छळ आणि हिंसा कमी करण्यासाठी नुसते वर्गातले पाठ पुरेसे ठरले नाहीत, इमारतीत केलेले हे बदल मात्र कामी आले. शिक्षकांच्या मधल्या सुट्टीवर टाच न आणता हे कसं करायचं, ते वेळापत्रक बनवणाऱ्यांनी ठरवायचं आहे. मुख्याध्यापकांनी स्वतः रोज मधल्या सुट्टीत लाल जागेवरून एक फेरी मारली तरी सुरुवात होईल.

छळाबद्दल आणखी थोडं. २०१८ च्या ‘पिसा’ चाचणीत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या देशांतल्या सरासरी २३ टक्के मुलांनी सांगितलं, की महिन्यातून निदान काही वेळा आपल्याला छळाला तोंड द्यावं लागतं. आपल्याकडे असं काही होत नाही असं कुठलीही शाळा म्हणाली, तर मी तिला फक्त कोण विचारतं आणि कसं विचारतं एवढंच विचारीन. आपण छळणाऱ्याला बोलावतो, सोसणाऱ्याला बोलावतो, दोघांना हात मिळवायला लावतो आणि प्रकरण मिटलं असं धरतो. सोसणाऱ्या मुलासाठी तो हात मिळवणं हा आणखी एक अपमान असतो. आजूबाजूला उभ्या असलेल्या मुलांकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. कॅनडात शाळेच्या मैदानांवरचं चित्रीकरण पाहून केलेला २००१ सालचा एक अभ्यास आहे. बघ्यांपैकी कुणी मधे पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. पण मधे पडणारे फार थोडे होते. फिनलंडमध्ये क्रिस्टीना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला छळविरोधी कार्यक्रम मुख्यतः या बघ्या मुलांवरच उभा आहे. मधे पडायचं म्हणजे भांडायचं असं नाही. ‘चल, आपण खेळायला जाऊ,’ म्हणून त्या मुलाचा हात धरून बाजूला नेणं कुठल्याही वयाच्या मुलाला जमतं. ते शिकवावं लागतं, वर्गात करून बघावं लागतं, आणि ज्यानं केलं त्याच्या पाठीशी उभं राहावं लागतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. गुणांचं काय? अभ्यासक्रम पूर्ण व्हायचा आहे, पालक निकाल विचारतात, संस्थेच्या बैठकीत आलेख दाखवावा लागतो. याचं उत्तर २०१९ साली जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडतं. अमेरिकेतल्या एका जिल्ह्यातल्या सगळ्या ११ माध्यमिक शाळा, आणि सहावीत नुकतीच आलेली १,३०४ मुलं. लहान शाळेतून मोठ्या शाळेत जाण्याचा हा काळ मुलांना फार कठीण जातो. वर्गशिक्षक एकाऐवजी सहा-सात होतात, जुने मित्र वेगळ्या तुकडीत जातात, आणि आपण एकटेच गोंधळलो आहोत असं प्रत्येकाला वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला या मुलांना थोडंसं वाचायला आणि लिहायला दिलं, बस्स. आधीच्या वर्षीच्या मुलांचे अनुभव त्यात होते. सुरुवातीला आम्हालाही चाचणीची भीती वाटायची, शिक्षक परके वाटायचे, मैत्री होईल का याची काळजी असायची, आणि हे सगळं हळूहळू कमी झालं, असं त्या मुलांनी सांगितलं होतं. वर्षअखेर नापास होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी झालं. गैरहजेरी १२ टक्क्यांनी आणि शिस्तभंगाच्या तक्रारी ३४ टक्क्यांनी घटल्या. आपण इथलेच आहोत की नाही या चिंतेत अडकलेलं डोकं अपूर्णांकात कुठून लागणार? ती चिंता हलकी झाली की तेच मूल अभ्यासाला बसतं.

आपलेपणा म्हणजे सगळं चालवून घेणं असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मुलाकडून कमी अपेक्षा ठेवणं हीसुद्धा त्याला परकं करण्याचीच एक रीत आहे. ‘त्याला नाही जमणार, जाऊ दे,’ हे दयेनं म्हटलेलं वाक्यही मूल ऐकतं आणि लक्षात ठेवतं. वहीतल्या चुका दाखवाव्यातच. त्याबरोबर ‘तुला हे जमेल म्हणून इतकं बारकाईनं तपासलंय’ हेही लिहावं, आणि ते खरं असावं.

समुपदेशक नेमा, हे सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात जणांपैकी एकाला मानसिक विकाराचा त्रास असतो. त्यांना प्रशिक्षित माणसाची गरज आहे, आणि शिक्षकांनी स्वतः डॉक्टर व्हायचा प्रयत्न करू नये. मूल जगणं नको झाल्याचं बोललं, लिहिलं किंवा चित्रात दाखवलं, तर ‘लक्ष वेधून घ्यायला करतंय’ असं म्हणून ते बाजूला टाकू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी पालकांशी आणि तज्ज्ञांशी बोला. हे कुणी आणि कसं करायचं ते प्रत्येक शिक्षकाला आधीपासून माहीत असलं पाहिजे. पण समुपदेशक नेमला म्हणजे विषय संपला, असं तुम्ही समजू नये. त्यांच्या खोलीपर्यंत मुलाला कुणीतरी पोचवावं लागतं, आणि पोचवणारा तोच असतो ज्याच्याशी मूल आधी बोललेलं असतं.

मुलांनाही विचारा. बालहक्क संहितेच्या १२व्या कलमानं त्यांना आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क दिला आहे. विद्यार्थी परिषद बहुतेक शाळांत असते, पण तिच्यात निवडून कोण येतं? ज्यांच्या नावापुढे टिकल्याच टिकल्या होत्या तीच मुलं. कोऱ्या नावांचं मत घ्यायचं असेल तर वेगळी वाट काढावी लागेल. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून सहा-सात मुलं निवडा आणि मुख्याध्यापकांनी त्यांच्याबरोबर अर्धा तास बसावं. काय बदलावंसं वाटतं ते विचारावं. त्यातली एक गोष्ट पुढच्या महिन्याच्या आत बदलावी, आणि ‘ही तुमच्या म्हणण्यावरून बदलली’ असं प्रार्थनेच्या वेळी सांगावं. विचारून काहीच केलं नाही, तर न विचारलेलं बरं. दुसऱ्यांदा मुलं खरं सांगत नाहीत.

शेवटी माझ्या सहकाऱ्यांबद्दल. वर लिहिलेलं सगळं करायचं आहे ते शिक्षकांनी, आणि शिक्षक थकले आहेत. एका वर्गात इतकी मुलं असतात की सगळ्यांची नावं पाठ होईपर्यंत सत्र अर्धं सरतं. तास संपला की माहिती भरायची, फोटो पाठवायचे, अहवाल लिहायचे. कुणाशी दोन वाक्यं बोलायला जी मोकळी पाच मिनिटं लागतात ती याच कामांत जातात. ज्या शिक्षकाला स्वतःच्या शाळेत कुणी ‘कसे आहात’ असं विचारत नाही, त्यानं तीस मुलांना रोज आपुलकीनं विचारावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून या पत्रातल्या कुठल्याही कामाचा वेगळा अहवाल मागू नका. त्याची वही, तक्ता, गट, स्पर्धा, सप्ताह असं काहीही काढू नका. उलट, सध्याच्या कामांपैकी कोणती कामं यंदापासून बंद होणार आहेत याची यादी करा आणि ती शिक्षकखोलीत तुमच्या सहीनं लावा. ती यादी किती लांब आहे त्यावरून आम्हाला कळेल, की मुलांशी बोलायला तुम्ही आम्हाला खरोखर वेळ देत आहात की नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक शिक्षिका